दुर्गाबाईंच्या अंगणातले मोर

तीर्थपुरीहून कालव्याच्या कडेकडेनं चार-पाच किलोमीटर आलं की मोसंबीच्या बागा विरळ होत जातात आणि सर्जेरावांची वस्ती लागते. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद, आणि लिंबाखाली एक बाज. या बाजेवर सर्जेराव दोन वर्षांपासून पडून होते. लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. ज्या माणसाची हाक कालव्यापलीकडच्या गड्याला ऐकू जायची, त्याच्या तोंडून आता "हां" आणि "बा" एवढंच निघायचं. त्यातलं "हां" म्हणजे होकारच असेल असंही नव्हतं. त्यांना किती कळतं आणि किती नाही, हे त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना, कधी नीट उमगलं नाही.

पण सकाळी साडेसहाला मोर आले की सर्जेरावांचं सगळं अंग जागं व्हायचं.

मोरांचं येणं जुनं होतं. ज्या वर्षी पाण्यावाचून सगळ्या मुलुखातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्या वर्षी उन्हाळ्यात एक लांडोर तीन पिल्लं घेऊन हौदाशी आली. हौद रिकामा होता. दुर्गाबाईंनी टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी परातीत ओतून अंगणात ठेवलं आणि दाराआड उभ्या राहिल्या. लांडोर बराच वेळ मान लांब करून बघत राहिली. मग पिल्लांना पुढं घालून पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी मूठभर ज्वारी टाकली. तेव्हापासून एक दिवस खंड नाही. आज चौदा मोर यायचे. त्यात तीन मोठे पिसारेवाले, बाकी लांडोरी आणि अर्धवट वाढलेली पोरं. दुर्गाबाईंनी कुणाला नाव ठेवलं नव्हतं, पण प्रत्येकाची चाल त्यांना माहीत होती. एका लांडोरीची पुढची दोन बोटं तुटलेली होती, ती लंगडत यायची आणि सगळ्यांच्या आधी बाजेपाशी उभी राहायची.

सर्जेराव डाव्या हातानं ज्वारीचा डबा बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, वाजवायचे. तो आवाज झाला की लिंबावरून, बागेतून, बांधावरून पाखरं धावत यायची. मोर धावतो तेव्हा घाईत निघालेल्या म्हाताऱ्या बाईसारखा दिसतो. ते बघून सर्जेराव हसायचे. लकव्यानंतरचं त्यांचं हसू अर्ध्याच तोंडाचं होतं, पण ते हसूच होतं.

आणि माघाच्या महिन्यात एक गोष्ट घडली. जालन्याच्या डॉक्टरांनी उजव्या हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता, तो सर्जेरावांनी केव्हाच भिरकावून दिला होता. त्या दिवशी डावा हात डब्यात असताना ती लंगडी लांडोर उजव्या बाजूनं आली आणि बाजेवर पडलेल्या त्यांच्या मेलेल्या हाताशी टोचे मारू लागली. तिथं चार दाणे सांडले होते. सर्जेरावांची बोटं हलली. दुर्गाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ते बघितलं आणि तव्यावरची भाकरी करपू दिली. जवळ जायची छाती होईना, गेलं तर ते थांबेल म्हणून. त्या दिवसापासून रोज त्या उजव्या तळहातावर दाणे ठेवत. आषाढ लागेपर्यंत सर्जेरावांना त्या मुठीत दहा-बारा दाणे धरून बाजेखाली सोडता येऊ लागले. गोळ्यांनी नाही, चेंडूनं नाही, त्या पाखरांनी हे केलं, असं दुर्गाबाई ज्याला त्याला सांगत.

शेजारचं वावर त्यांच्या धाकट्या दिराचं, कल्याणचं. दुर्गाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा कल्याण दहा वर्षांचा होता, त्यांच्याच हातची भाकरी खाऊन मोठा झाला होता. भावाला लकवा मारला तेव्हा त्यानंच त्याला पाठीवर घेऊन चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं होतं. अजूनही एक दिवसाआड येऊन तो सर्जेरावांना उचलून न्हाणीत न्यायचा. माणूस वाईट नव्हता. पण या वर्षी त्याचा मका दोनदा गेला होता. पेरलं, कोंब वर आला, की सकाळी तासंच्या तासं, ओळीच्या ओळी, उकरलेल्या असायच्या. त्यानं चिंध्या बांधल्या, चमचमत्या फिती ताणल्या, फटाके फोडले, डबडं घेऊन बांधावर बसला. चार दिवस पाखरं बिचकली, पाचव्या दिवशी फितीखालूनच वाकून आली.

"वैनी, तुमच्या पाहुण्यांनी आज पुन्हा माझं वावर उकरलं," तो एकदा दारात उभा राहून म्हणाला.

"माझे कशाचे पाहुणे? रानातली पाखरं हायेत ती."

"रानातली होती. आता तुमच्या डब्याचा आवाज आयकून येतेत. सकाळी तुमच्याकडं ज्वारी, मंग दिवसभर माझ्याकडं मका. माणसाला भीतच न्हाईत. पाखरू माणसाला भ्यालं पाहिजे, वैनी. तुम्ही त्यांची भीड मोडली."

त्याचं खोटं नव्हतं. पण बाजेवर सर्जेराव मूठ उघडून वर बघत होते.

कल्याणनं तिसऱ्यांदा मका पेरला त्याच्या पाचव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, डबा वाजला आणि अकराच मोर आले. कधी एखादं मागं राहतंच, म्हणून दुर्गाबाईंनी मनावर घेतलं नाही. थोड्या वेळानं बांधाकडून बारावी लांडोर आली. दारू प्यालेल्या माणसासारखी चालत होती. पंख लोंबत होते, चोचीतून लाळेच्या तारा निघत होत्या. दोन पावलं यायची, बसायची, पुन्हा उठायची. तुटक्या बोटांचीच होती ती. ओळखीच्या वाटेनं ती बाजेपर्यंत आली, मान एकदा उलटी पिरगाळली गेली आणि सर्जेरावांच्या उजव्या हाताखाली ती आडवी झाली.

"बा! बा!" सर्जेराव बाजेवरून निम्मे खाली लोंबले.

दुर्गाबाईंनी धावत येऊन आधी त्यांना सावरलं, मग पाणी आणलं. चोच उघडेना. पाय मात्र पळत होते, झोपल्या जागी पळत होते. मग तेही थांबले. दुर्गाबाईंनी तिला मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही पाखराला हात लावला नव्हता. ती अशी हलकी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तीर्थपुरीच्या जनावरांच्या दवाखान्यातला बद्रीनाथ त्यांच्या ओळखीचा होता, म्हशीला टोचायला यायचा. फोन केल्यावर तो अर्ध्या तासात मोटारसायकलवर आला. त्यानं हातमोजे चढवले आणि लांडोरीच्या गळ्याखालची, दाणे साठतात ती पोटी कापून उघडली. आत ज्वारीचे दाणे होते, जांभळे पडलेले.

"काकू, ही तुमची ज्वारी न्हाई," तो म्हणाला. "दाणेदार औषध चोळलंय हिला. मुद्दाम करून टाकली कोणीतरी."

"यावर काही उपाय होतोय का? अजून दोन आले न्हाईत."

"सापडले तर इंजेक्शन देतो. पण एवढं लागल्यावर..." त्यानं मोजे काढले. "आणि हे मला दडवता येणार न्हाई, काकू. मोर हाय. वनखात्याला कळवावंच लागन."

"कल्याणला धरून नेतील का?"

बद्रीनाथनं त्यांच्याकडं बघितलं. "मी कोणाचंच नाव घेतलं न्हाई," तो हळू म्हणाला. "तुम्हीच घेतलं."

दुपार व्हायच्या आत वनखात्याचा माणूस आला. बांधालगतच्या विहिरीपाशी आणखी दोन लांडोरी मरून पडलेल्या सापडल्या. त्यानं फोटो काढले, पंचनामा लिहिला, पाखरं पोत्यात घातली, वावरातले चार दाणे पिशवीत भरले. मग अंगणात जमलेल्या पाच-सहा जणांकडं बघून विचारलं, "औषध कोणी टाकलं?"

कल्याण लिंबाला टेकून उभा होता. त्याची बायको शीतल डोक्यावरचा पदर दातात धरून मागं उभी होती. वनखात्याच्या माणसानं दुर्गाबाईंनाच विचारलं, "मावशी, तुमच्या अंगणात येतात म्हणे हे मोर. तुम्हाला काही माहीत?"

दुर्गाबाईंच्या मनात एका क्षणात सगळं येऊन गेलं. चिखलातून भावाला पाठीवर आणणारा कल्याण, न्हाणीतला कल्याण, उद्या तो नसला तर सर्जेरावांना कोण उचलणार. आणि मांडीवरची ती हलकी लांडोर.

"न्हाई, साहेब," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत?"

तो माणूस गेला, लोक पांगले. दुर्गाबाई सरळ दिरासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"किती टाकलंस?"

"वैनी, मी डुकरासाठी..."

"मला डुक्कर सांगू नको. किती टाकलंस आणि कुठं?"

कल्याणनं मान खाली घातली. "चार-पाच शेर. चारी बांधांनी, अन् विहिरीच्या अंगाला. आता काय करता, सांगा. मातीत पडलेले दाणे काय वेचून निघतेत का?"

"मंग नांगरून टाक."

"तिसरी पेरणी हाय, वैनी! अन् मी एकटाच हाय का? कॅनलपर्यंत विचारा. चार वावरांत पडून राह्यलंय हेच औषध. मी माझं नांगरलं तरी ते पाखरू तिकडं जाऊन मरणारच हाय ना?"

हे दुर्गाबाईंना माहीत नव्हतं. त्यांना आधी वाटलं होतं की एक माणूस चुकला, त्याला सांगितलं की मिटेल. आता कुणाकुणाच्या दारात जायचं? आणि गेल्यावर सांगायचं काय? माझ्या नवऱ्याचा हात हलावा म्हणून तुम्ही मका उकरू द्या?

त्या घरात गेल्या, एक ताटली घेतली आणि कल्याणच्या बांधावर जाऊन बसल्या. दाणा न् दाणा वेचू लागल्या.

पाऊस आठ दिवसांपासून दडी मारून बसला होता, ऊन भाद्रपदासारखं पाठ सोलत होतं. जांभळे दाणे मातीत ओळखू यायचे, पण ढेकळाखाली शिरलेले बोटांनी उकरावे लागायचे. मधून मधून बागेच्या अंगाला एखादी लांडोर दिसायची. मग त्या उठून धावायच्या, हात हलवायच्या आणि परत येऊन बसायच्या. घाम पुसायला पदर तोंडावरून फिरवायच्या. शीतल बांधावर येऊन म्हणाली, "आक्का, हाताला फडकं तरी बांधा. ते औषध हाय."

"फडक्यानं दाणा उचलत न्हाई."

मग घरातून प्लास्टिकच्या पिशव्या आणून शीतलनं हातात घातल्या आणि दुसऱ्या टोकाला वेचायला बसली. कल्याण लांबून दोघींकडं बघत होता.

तीन बांध झाले. डबाभर दाणे निघाले, ते खड्ड्यात पुरले. बाटलीतलं पाणी संपलं होतं म्हणून दुर्गाबाईंनी मातीनंच हात घासले आणि फडक्यातली भाकरी खाल्ली. चौथ्या बांधावर बसल्यावर त्यांना अंधूक दिसू लागलं. आधी वाटलं, ऊन लागलं. मग तोंडाला पाणी सुटलं, थांबेना. पोटात पीळ पडला. ताटली हातातून पडली आणि वेचलेले दाणे पुन्हा मातीत गेले. ते बघून त्यांना रडू फुटलं. ते गोळा करायला त्या वाकल्या आणि वाकल्या जागीच आडव्या झाल्या.

शीतलच्या ओरडण्यानं कल्याण धावत आला. वहिनीच्या तोंडातून लाळेच्या तारा निघत होत्या, हातपाय थरथरत होते. सकाळच्या लांडोरीचं जे झालं तेच डोळ्यांपुढं होत होतं. त्यानं वहिनीला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून शीतलनं कवळ घातली आणि गाडी खड्डे न बघता दवाखान्याकडं सुटली.

दवाखान्यात इंजेक्शनवर इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंना नीट शुद्ध आली तेव्हा तोंड कोरडं ठाक पडलं होतं आणि डोळ्यांपुढं सगळं धुरकट होतं. कल्याण पायथ्याशी बसला होता.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"सकाळचे? ह्यांनी डबा वाजवला असन." त्या उठायला लागल्या. "फोन लाव शीतलला. जल्दी."

कल्याणनं फोन लावला. पलीकडून शीतल म्हणाली, "आक्का, मी डबा दडवल्ता. पण भाऊजींनी चहासुद्धा घेतला न्हाई. बाजेवर डोकं आपटत राह्यले, आपटत राह्यले. कपाळाला लागलं त्यांच्या. मंग मी दिला."

"किती आले?"

"मोजले न्हाई, आक्का. नऊ असतील, धा असतील."

दुर्गाबाईंनी फोन कल्याणच्या हातात दिला. इकडं सलाईन थेंब थेंब गळत होतं आणि तिकडं सर्जेराव प्रेमानं डबा वाजवून त्या पाखरांना औषधाच्या मधोमध बोलावत होते. त्यांना सांगणार कोण? आणि सांगितलं तरी कळणार किती?

"वैनी," कल्याण म्हणाला, "राहिलेलं औषध मी पुरून टाकलं. आता बिलकुल टाकणार न्हाई, तुमच्या पायाची शपथ. पण बाकीच्यांचं मी काय करू? रात्री दोघांच्या घरी जाऊन आलो. ते म्हणतेत, तू आमचा मका भरून देतो का?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टर नको नको म्हणत असताना दुर्गाबाईंनी कागदावर सही केली आणि काळीपिवळी जीपमध्ये बसून कालव्याच्या वळणावर उतरल्या. पाय लटपटत होते. वाटेत कालव्याखालच्या पाटात एका मेलेल्या मोराचा पिसारा दिसला. पाण्यानं तो एकाच बाजूला हलत होता. त्या थांबल्या, बघितलं आणि पुढं चालू लागल्या. काय करायचं ते त्यांनी तिथंच ठरवलं.

दुर्गाबाईंचं माहेर मंठ्याकडचं. लहानपणी त्या ज्वारीच्या राखणीला पिकातल्या मचाणावर, माळ्यावर, उभ्या राहायच्या. त्यांच्या गोफणीचा खडा वाया जात नाही, असं बाप चारचौघांत सांगायचा. घरी आल्या तशी त्यांनी जुनी दावण सोडून तिची गोफण विणली. खडे निवडून ओटीत घेतले. सर्जेरावांच्या उशापाशी बसून त्या म्हणाल्या, "अहो, आयका. रानात चारी अंगानं जहर टाकलंय. तुमच्या डब्यानं पाखरं इथं राहतेत अन् मरतेत. म्हणून मी आता त्यांना हाकलणार हाय. कळलं का? मारायला न्हाई, हाकलायला."

"हां," सर्जेराव म्हणाले आणि त्यांच्याकडं बघून अर्ध्या तोंडानं हसले. तीन दिवसांनी बायको घरी आली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कुलपात होता. तरी साडेसहाला मोर आले. सात होते. अंगणात उभे राहून माना वाकड्या करून दाराकडं बघत होते. दुर्गाबाईंनी पदर झटकला. ते दोन पावलं मागं सरले, पुन्हा आले. "हा! हा!" करत त्या अंगावर धावल्या. पाखरं बाजूला झाली आणि त्यांच्या मागं गोळा झाली, रोज ओटीतून ज्वारी काढताना व्हायची तशी. दुर्गाबाईंनी ढेकूळ उचलून फेकलं. ते जमिनीवर फुटलं. आणि सातही मोर त्या ढेकळाकडं धावले. त्यांना वाटलं, दाणे.

दुर्गाबाईंनी दुसरं ढेकूळ फेकलं, मोर तिकडं धावले. तिसरं फेकलं, तिकडं. मातीत चोची मारून ते वर बघायचे. मारलेला धोंडा आणि टाकलेली ज्वारी यातला फरक त्यांना माहीत नव्हता, कारण या अंगणात त्यांच्यावर कधी कुणी काही मारलंच नव्हतं.

"अरे जा ना रे!" त्या ओरडल्या. "जा, माझ्या बाबांनो, जा!"

शेवटी त्यांनी गोफणीत खडा घातला. डोळे अजून धुरकट होते, पण हाताला सगळं आठवत होतं. बाजेपाशी एक तरणी लांडोर सर्जेरावांच्या उजव्या हाताकडं मान करून उभी होती. दुर्गाबाईंनी गोफण दोनदा फिरवली आणि सोडली. खडा तिच्या मांडीवर बसला. ती किंचाळून कोलमडली, पंख फडफडवत उठली आणि लिंबावर गेली. बाकीचे दचकले. दुसरा खडा एका मोराच्या पाठीवर बसला, पिसं उडाली. मग मात्र अंगणात एकच गोंधळ झाला.

सर्जेराव ओरडत होते. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं उशापाशी होता तो पाण्याचा तांब्या उचलून बायकोवर फेकला. तो त्यांच्या खांद्याला लागला. दुर्गाबाईंनी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हात थांबला असता. लिंबावरची पाखरं उडाली तशा त्या मागं धावल्या. कल्याणचा मका तुडवत, बांध ओलांडत, दुसरं वावर, तिसरं वावर, दिसेल त्या पाखरावर खडा मारत, ओरडत, धापा टाकत. वाटेत दोनदा पडल्या. कालव्याच्या भरावावर पोहोचल्या तेव्हा सातवा मोर पाण्यावरून पलीकडं गायरानाच्या बाभळीत शिरत होता. तिकडं पेरणी नव्हती. जहर नव्हतं. आणि डबाही नव्हता.

मागून कल्याण आला होता. तुडवलेल्या मक्याबद्दल तो काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "वैनी, हेच आधी केलं असतं तर..."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं. दुर्गाबाई भरावावर बसल्या आणि ओटीतले उरलेले खडे एकेक करून पाण्यात टाकत राहिल्या.

त्या दिवसापासून सर्जेरावांनी त्यांच्या हातचं खाणं सोडलं. घास तोंडापाशी नेला की ओठ मिटून घ्यायचे. शीतलनं भरवलं तर खायचे. दुर्गाबाई रोज त्याच जागी बसून तेच सांगायच्या, कधी हळू, कधी चिडून. "जहर होतं हो. मी काय करू? तुमच्यासमोर एकेक मरू द्यायची होती का?" सर्जेराव लिंबाकडं तोंड फिरवायचे. उजव्या हाताला तेल लावायला गेल्या तर डाव्या हातानं ढकलायचे. ती मूठ मिटलेली ती मिटलेलीच राहिली. दुर्गाबाई अंगणात एकट्या बसल्या की त्यांना वाटायचं, त्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर काय दिसतं? बायको तीन दिवस गायब झाली आणि परत आली ती दगड घेऊन.

पाखरं सोपी नव्हती. गायरानातून सकाळ-संध्याकाळ एखाद-दुसरं कालवा ओलांडून यायचंच. दुर्गाबाई गोफण कमरेला खोचूनच भाकरी थापायच्या. येणारी-जाणारी माणसं बघायची. ज्या बाईनं मोर पोसले तीच मोरांना दगड मारते, डोक्यावर परिणाम झाला औषधाचा, असं गावात बोललं जाऊ लागलं. संध्याकाळी गायरानातून ओरडणं ऐकू यायचं. दुर्गाबाई मोजायच्या. पाच आवाज वेगळे ओळखू यायचे. सातचे पाच का झाले, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. वनखात्याचा माणूस एकदा येऊन गेला, तपासणीचा कागद यायचा होता म्हणाला. त्यानं पुन्हा विचारलं. दुर्गाबाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

पंधरवडा झाला असेल. दुर्गाबाई हौदाशी भांडी घासत होत्या. त्यांची पाठ बागेकडं होती. बागेतून एक लांडोर निघाली, तिच्या मागं चार पिल्लं, मुठीएवढी, कालपरवा अंड्यातून निघालेली. लांडोर एक पाय ओढत होती. मांडीवर खडा बसलेली तीच. कालव्याच्या अलीकडंच कुठंतरी तिची अंडी आधीपासून असणार, त्यांच्यासाठी परत येऊन ती दडून बसली असणार. तिनं अंगणाच्या कडेला थांबून पिल्लांना पुढं घेतलं आणि ती बाजेकडं निघाली.

सर्जेरावांनी तिला बघितलं. दुर्गाबाईंनी बघितलं नव्हतं.

"हाऽऽ!"

दुर्गाबाईंच्या हातून पातेलं निसटलं. त्या वळल्या. सर्जेराव डाव्या कोपरावर अर्धे उठले होते. मान ताणलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. "हाऽऽ! हाऽऽऽ!" उभ्या पिकातली पाखरं उठवायला माळ्यावरून देतात तशी आरोळी. दोन वर्षांत हा आवाज त्या तोंडातून निघाला नव्हता. लांडोर थबकली. तिनं बाजेकडं बघितलं, ओळखीच्या माणसाकडं. सर्जेरावांनी उशी उचलून तिच्या दिशेनं फेकली आणि पुन्हा आरोळी दिली. पिल्लं गवतात पांगली. लांडोर त्यांना गोळा करत, पाय ओढत, मागं बघत बागेतून कालव्याच्या दिशेनं निघून गेली.

दुर्गाबाई गोफण घेऊन चार पावलं गेल्या होत्या. ती त्यांना फिरवावी लागली नाही.

सर्जेराव मागं पडले. त्यांची छाती जोरात खालीवर होत होती आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडं वाहत होतं. दुर्गाबाई बाजेवर त्यांच्याजवळ बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी घरातून दुधात कुस्करलेली भाकरी आणली आणि घास पुढं केला.

त्यांनी तोंड उघडलं.